आधी रूळ

मुलाबरोबर बागेत पहिली रेल्वे मांडायची ठरली की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे जातं. दुकानातही इंजिनच काचेच्या कपाटात असतं आणि रूळ कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात. मुलाचं बोट इंजिनाकडे जाणार, हे तर ठरलेलंच. तरी माझं सांगणं असं की पहिला पैसा आणि पहिला विचार रुळावर खर्च करावा. इंजिन पुढे बदलता येतं, विकता येतं, वाढदिवसाला दुसरं येतं. रूळ मात्र एकदा मातीत बसला की पुढच्या साऱ्या गोष्टी तो ठरवतो. कुठली गाडी चालणार, किती वेगाने वळणार, पावसाळी सकाळी मूल एकटं जाऊन गाडी चालवू शकणार की प्रत्येक वेळी आईला हाक मारणार, हे सगळं त्याच्यावर अवलंबून असतं.

आम्ही इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक या लहानशा गावात राहतो. मी सिव्हिल इंजिनीअर आहे; रस्त्यांच्या देखभालीचं काम करते. माझे वडील, अण्णा, कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या रुळावर आधी गँगमन आणि मग कीमॅन होते. हातात पाना, खांद्यावर हातोडा आणि काखेत लाल-हिरव्या झेंड्या घेऊन ते रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासत जायचे. मी लहानपणी पाहिलेली रेल्वे ही अशी. इंजिन मला दुरूनच दिसायचं, रूळ जवळून.

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही मॅनिफोल्ड नदीच्या काठच्या सायकलवाटेवर जायला लागलो. ही वाट म्हणजे जुन्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचा भराव. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड ही तेरा-एक किलोमीटरची नॅरोगेज गाडी १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. रूळ उखडले गेले आणि १९३७ पासून तिथे लोक पायी जाऊ लागले. आता डांबर आहे. वाटेत एक बोगदाही लागतो आणि थॉर्स केव्ह ही डोंगरातली मोठी गुहा वर दिसते. ह्यूम एंडला जुन्या स्टेशनाजवळ माहितीफलक वाचताना कॅलथ्रॉप हे नाव दिसलं आणि मी तिथूनच अण्णांना फोन लावला.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा बार्शी लाइटचा इंजिनीअर. आधी जीआयपी रेल्वेत नोकरी करून त्याने देशावरचा मुलूख पाहिला होता. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा अडीच फुटी रूळ १८९७ साली सुरू झाला. पुढे तो पंढरपूर, लातूर आणि शेवटी १९२७ साली मिरजेपर्यंत गेला. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या मॅनिफोल्ड लाइनची आखणीही त्याच माणसाची आणि तिचा गेजही अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. दोन्हीकडची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. मॅनिफोल्डच्या दोनपैकी एका इंजिनाला कॅलथ्रॉपचंच नाव दिलेलं होतं. अण्णा फोनवर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे लेकरू आपल्याच लायनीवर सायकल चालवतंय की गं."

बागेत रेल्वे करायची, हे त्या फोननंतर ठरलं. मुलाने लगेच इंजिनांची चित्रं काढायला घेतली. मी मात्र कॅलथ्रॉपची पद्धत पुन्हा पुन्हा वाचत राहिले, कारण तिच्यात मला माझं उत्तर दिसत होतं. या माणसाने सुरुवात रुळापासून केली. हलका, स्वस्त रूळ टाकायचा; मग त्या रुळाला कुठल्याही चाकांच्या जोडीचा भार पाच टनांपेक्षा जास्त द्यायचा नाही; आणि ही अट इंजिनाला, मालडब्याला, प्रवासी डब्याला सगळ्यांना सारखीच लावायची. इंजिन जड हवं असेल तर त्याला चाकं जास्त द्या, म्हणून बार्शीच्या इंजिनाला आठ जोडलेली चाकं आणि मागे आणखी चार. डबे आणि इंजिन भारतात पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ खास रूळ टाकून त्यांची चाचणी दाखवली. रूळ काय सोसू शकतो ते आधी ठरलं आणि गाडी त्यातून जन्मली. आमच्या बागेत पाच टनांचा प्रश्न नव्हता. रुळावर आठ वर्षांच्या मुलाचा पाय पडणार होता आणि त्याच्याच हातांनी तो जोडला जाणार होता. आमची अट ती होती.

पहिला वाद गेजचा. आमच्या गल्लीपलीकडे एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्यभर स्टोकच्या चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेले. त्यांच्या बागेत कमरेइतक्या उंच लाकडी खांबांवर ३२ मिलिमीटरचा रूळ आहे आणि त्यावर ते खरी वाफेची इंजिनं चालवतात. त्यांनी मुलाला हिशोब समजावून सांगितला. दोन फुटी नॅरोगेज म्हणजे ६१० मिलिमीटर; एकोणीसने भागलं की ३२. नेरळ-माथेरानची गाडी दोन फुटी, म्हणून १:१९ या प्रमाणातलं तिचं मॉडेल ३२च्या रुळावर अगदी बरोबर बसतं. मुलाने त्याच वहीत ७६२ ला एकोणीसने भागलं आणि उत्तर आलं ४०. बाजारात बागेसाठी रूळ मिळतात ते ३२चे किंवा ४५चे. बार्शीचा रूळ दोन्हींच्या मधोमध पडत होता.

मुलगा हिरमुसला. त्याला आजोबांचीच गाडी हवी होती, तीही मापात. तेव्हा मी त्याला एलजीबीची गोष्ट सांगितली. न्युरेम्बर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली बागेत चालणारी मोठी खेळण्यातली रेल्वे बाजारात आणली आणि ४५ मिलिमीटरचा रूळ घरोघरी पोचवला. तिचं पहिलं, आजही ओळखीचं असलेलं इंजिन म्हणजे 'श्टाइन्झ'. खरं श्टाइन्झ ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या रुळावर चालायचं, म्हणजे बार्शीपेक्षा फक्त दोन मिलिमीटरने अरुंद. कंपनीने ते १:२२.५ या प्रमाणात बनवलं. त्या प्रमाणात काटेकोर रूळ चौतीस मिलिमीटरच्या आसपास यायला हवा होता, पण कंपनीने तो ४५चाच ठेवला. कारण त्या प्रमाणात ४५ म्हणजे मीटरगेज, आणि एकाच रुळावर मीटरगेजच्या गाड्याही धावाव्यात, अडीच फुटीही. पोराने वहीत पुन्हा भागाकार केला. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "आई, मग बार्शीची गाडीपण त्यावर चालेल." वाद मिटला.

शेजारच्या आजोबांना ते पटलं नाही आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ३२चा रूळ नाजूक दिसतो, नॅरोगेजचा अरुंदपणा त्यात खरा उतरतो आणि वाफेची पुष्कळ इंजिनं चाकं सरकवून दोन्ही गेजवर चालवता येतात. पण मला मुलाचा विचार करायचा होता. चाकांमधलं अंतर जास्त असेल तर डबा स्थिर राहतो. मुलाने टाकलेल्या थोड्या डुलणाऱ्या रुळावरही तो उभा राहतो. अरुंद रुळावर तोच डबा कलंडतो आणि दर फेरीला गाडी पडली की आठ वर्षांच्या मुलाचा धीर सुटतो. म्हणून पहिल्या बांधणीसाठी मी ४५ निवडला आणि आजही तोच निवडेन.

वळणाबद्दल मात्र मी कोणाचंच ऐकलं नाही. सुरुवातीच्या संचात येणारं वर्तुळ ६०० मिलिमीटर त्रिज्येचं असतं. तीस-तीस अंशांचे बारा तुकडे जोडले की गोल पुरा. दिवाणखान्यात नाताळच्या झाडाभोवती ते छान दिसतं. बागेत तेच वळण पुढे सगळ्या गोष्टींना आवळून टाकतं. चाकांच्या दोनच जोड्या असलेले छोटे डबे तेवढे नीट वळतात. लांब डबा घेतला तर त्याचं पोट रुळाबाहेर लोंबतं, चाकांच्या कडा रुळाला घासतात, इंजिनाचा जोर वळणावरच संपतो. आणि असं वळण मातीत बसवलं की ते काढून मोठं करायचं म्हणजे सगळी बाग पुन्हा खणायची. मी ११९५ मिलिमीटर त्रिज्येचे तुकडे घेतले. बाजारात त्यांना आर-थ्री म्हणतात. साडेबावीस अंशांचा एक, असे सोळा तुकडे पूर्ण वर्तुळाला लागतात. पैसे जास्त जातात, जागाही अडीच मीटरच्या पुढे लागते. पण आमची बाग नऊ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. त्यात हे वळण बसत होतं. ज्याच्या बागेत जे सर्वांत मोठं वळण बसतं ते त्याने घ्यावं. इथे काटकसर करू नये.

ते बसतं की नाही, हे कागदावर दाखवून मुलाला कळलं नसतं. आम्ही गवतात एक खुंटी ठोकली, तिला ११९५ मिलिमीटरची सुतळी बांधली आणि सुतळीच्या टोकाला रांगोळीचा डबा धरून तो खुंटीभोवती फिरला. दुसऱ्या टोकाला तसंच अर्धवर्तुळ, मध्ये दोन सरळ रेषा. हिरव्या गवतावर पांढरी लांबट वाट उमटली. ती पाहूनच त्याला कळलं की रूळ गुलाबाच्या झुडपाच्या फार जवळून जातो आणि कपडे वाळत घालायच्या खांबाला तर चाटूनच. त्याने स्वतः खुंटी उपटून हातभर डावीकडे ठोकली आणि रेघ पुन्हा काढली. पाऊस येईपर्यंत ती वाट तिथे होती. त्या दोन दिवसांत शाळेतून आला की तो तिच्यावरून चालून पाहायचा.

धातूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रुळातून वीज खेळवायची असेल तर पितळ चांगलं, पण ओल्या हवेत ते तपकिरी-हिरवं पडतं आणि वारंवार घासावं लागतं. स्टेनलेस स्टीलला घासायचं काम कमी, किंमत जास्त. अॅल्युमिनियम स्वस्त पण मऊ. वीज रुळातून न नेता इंजिनात बॅटरी ठेवली, हातात रेडिओ कंट्रोल दिला, की घासण्याचा प्रश्नच उरत नाही. लहान मुलासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो: तारा नाहीत, ट्रान्सफॉर्मर ओल्या गवतात नाही, गॅस-स्पिरिट नाही. असं असूनही आम्ही पितळच घेतलं, पण वेगळ्या कारणासाठी. एलजीबीच्या धर्तीच्या तुकड्यांत रुळाची उंची इंचाचे ३३२ हजारांश, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर असते. खऱ्या बार्शीच्या हलक्या रुळाशी तुलना केली तर ती फारच जाड दिसते. त्याहून बारीक, जास्त खरे दिसणारे रूळ मिळतात. पण या जाड पितळेवर मूल पाय देऊन उभं राहिलं तरी ते वाकत नाही. कॅलथ्रॉपने भाराची अट घातली तशी मी पायाची अट घातली.

सगळ्यांत जास्त विचार केला तो तुकड्यांचा रूळ घ्यायचा की लवचीक, यावर. अनुभवी लोक लवचीक रुळाची बाजू घेतात आणि त्यांची कारणं पक्की आहेत. तो लांब पट्ट्यांत येतो, सांधे कमी लागतात, वळण हवं तसं हलकंसं देता येतं, आणि ठरावीक त्रिज्येच्या तुकड्यांपेक्षा गाडी खऱ्या मार्गावरून चालल्यासारखी वाटते. रस्ता आखणारी बाई म्हणून मला ते वळण मोहात पाडत होतं; रस्त्यालाही आम्ही सरळातून एकदम वळणात नेत नाही, वळण हळूहळू घट्ट करत जातो. पण जाड पितळी रूळ नीट वाकवायला रूळ वाकवायचं यंत्र लागतं, दोन्ही रुळांची लांबी वळणात वेगळी होते म्हणून एक कापावा लागतो, कापलेली कड कानशीने घासावी लागते. हे सगळं काम मोठ्या माणसाचं. मी ते केलं असतं आणि मुलगा शेजारी बसून पाहत राहिला असता.

तुकड्यांचा रूळ मुलाच्या हाताला येतो. तीनशे मिलिमीटरचा सरळ तुकडा तो एका हाताने उचलतो, दुसऱ्याच्या टोकाशी लावतो, गुडघा टेकून दाबतो आणि तो सरकन आत बसतो. चुकलं तर ओढून काढतो. मोजणीही त्याची त्यालाच करता येते. वळणाचे सोळा, सरळ बाजूंना पंधरा-पंधरा, एकूण सेहेचाळीस तुकडे. मार्गाची लांबी साधारण साडेसोळा मीटर. त्याला साडेबावीसने गुणून त्याने जाहीर केलं की आपली लाइन खरी असती तर ३७१ मीटर भरली असती. बालवयात स्वतःच्या हाताने केलेला हिशोब माणूस विसरत नाही, हे मी माझ्यावरून सांगते; अण्णांनी मला शंभर पावलांत किती स्लीपर येतात ते मोजायला लावलं होतं.

सांधेबदलाचा तुकडा आम्ही एकच घेतला, हाताने फिरवायचा. त्यातून निघालेला फाटा कुंडीमागे संपतो. विजेवर फिरणारे सांधे नंतर कधीही घालता येतील. सांधेवाल्याचं काम हाताने करण्यात मुलाला जी गंमत आहे ती बटणात नाही.

आता जमीन. आमच्याकडची माती चिकण आहे, पाणी धरून ठेवते, आणि थंडीत त्या पाण्याचा बर्फ झाला की वरचं सगळं उचललं जातं. रस्त्याचं मरण पाण्यात असतं, हे माझं रोजचं काम मला शिकवतं आणि बागेतल्या रुळाला ते तसंच लागू पडतं. रांगोळीच्या रेघेवर आम्ही वीतभर रुंद चर खणला, दहा-बारा सेंटिमीटर खोल. खाली जाड कापड, म्हणजे रस्त्याखाली घालतो तसं जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती वर येत नाही आणि पाणी खाली जातं. त्यावर फोडलेला दगड ठोकून बसवला, आणि वर रुळासाठी बारीक खडी. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते: नदीतली गुळगुळीत गोल खडी घेऊ नये. ती दिसते सुंदर, पण दाणे एकमेकांवरून घसरतात आणि रूळ तिच्यात तरंगत राहतो. कोपरे असलेली फोडलेली कचच हवी; तिचे दाणे एकमेकांत अडकतात. लीक हे शेतकऱ्यांच्या बाजाराचं गाव, तिथे कोंबड्यांना खायला घालायची ग्रॅनाइटची बारीक कच पोत्याने मिळते. तीच आम्ही आणली. दुकानदाराने कोंबड्या किती आहेत असं विचारलं तेव्हा मुलाने सरळ सांगितलं की रेल्वे आहे.

काही जण काँक्रीटचा पट्टा ओतून त्यावर रूळ स्क्रूने पक्का करतात. कायमच्या मोठ्या रेल्वेला ते ठीक. पहिल्या रेल्वेला नको. मूल वाढतं, त्याचे विचार बदलतात, त्याला वर्षभराने पूल हवा असतो, तलावाकडे फाटा हवा असतो. खडीवर मोकळा ठेवलेला रूळ उचलून दुसरीकडे नेता येतो.

खडीवर रूळ मोकळा असण्याचं दुसरं कारण ऊन. अण्णांना मी व्हिडिओवर सगळं दाखवत होते. त्यांनी इंजिन पाहिलंच नाही, पहिला प्रश्न, "सांध्यात फट किती ठेवली?" सोलापूरच्या उन्हात लोखंड काय करतं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. फट नसली की रूळ लांब व्हायला जागा उरत नाही, तो बाजूला फुगतो आणि गाडी पडते. मी मुलाबरोबर बसून आकडे काढले. एक अंश तापमान वाढलं की एक मीटर पितळ सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढतं. लोखंडाच्या दीडपटीहूनही थोडं जास्तच. हिवाळ्यातल्या उणे पाचपासून भर उन्हात तापलेल्या चाळीसपर्यंत धरलं तर आमच्या साडेसोळा मीटरच्या फेरीत फरक पडतो चौदा मिलिमीटर. सेहेचाळीस सांध्यांत तो वाटला की प्रत्येक सांध्याच्या वाट्याला येतो मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. एवढी जाडी साधारण एका व्हिजिटिंग कार्डाची असते. मग मुलगा माझी जुनी कार्डं घेऊन बसला. प्रत्येक तुकडा बसवताना सांध्यात कार्ड घालायचं, दाबायचं, कार्ड काढायचं, पुढच्या सांध्याकडे जायचं. लवचीक रुळाच्या लांब पट्ट्यांत हीच वाढ थोड्याच सांध्यांवर पडते आणि ती सांभाळायला जास्त अनुभव लागतो. मुलाबरोबरच्या कामाला पुष्कळ सांधे बरे.

पहिला हिवाळा आला. एका सकाळी पांढरं दहिवर पडलं होतं आणि रूळ दोन ठिकाणी उंटाच्या पाठीसारखा वर आला होता. कापडाखालची माती बर्फाने फुगली होती. मुलाने आजोबांना दाखवलं. अण्णा हसले नाहीत, त्यांनी कामाला लावलं. "पॅकिंग करायचं. जिथं बसलाय तिथं स्लीपराखाली खडी कोंबायची, जिथं उचललाय तिथली काढायची. आन् एका बाजूनं मारायचं न्हाई, दोन्हीकडनं सारखं मारायचं." गँगमनच्या हातात त्यासाठी लोखंडी बीटर असायचा. आमच्याकडे जुन्या लाकडी कालथ्याचा दांडा होता. मुलाने त्याने एक-एक स्लीपर दोन्ही बाजूंनी ठोकला, वर छोटी पाणपातळी ठेवून बुडबुडा मध्ये येईपर्यंत. मी फक्त कचीचं पोतं धरून उभी होते. त्या दिवशी मला कळलं की रूळ बरोबर निवडला गेला. काँक्रीटवर स्क्रूने बांधलेला असता तर ते काम मुलाला करता आलं नसतं. नाजूक असता तर त्याने हात लावला नसता.

तेव्हापासून गाडी सोडण्याआधी तो एक फेरी पायी मारतो. सांधे पाहतो, ब्लॅकबर्ड पक्ष्यांनी किडे शोधताना उकरून रुळावर टाकलेली खडी बोटाने काढतो, गोगलगायी उचलून गवतात ठेवतो. हे त्याला मी सांगितलेलं नाही. ही कीमॅनची फेरी त्याने आजोबांकडून घेतली. आजही इंजिन आमच्याकडे एकच आहे, बॅटरीवरचं, छोटं. रुळांवर झालेला खर्च त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि मला तो योग्य वाटतो.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. मुलाच्या एकदा लक्षात आलं की आमच्या रुळाचे स्लीपर सगळीकडे सारख्या अंतरावर आहेत आणि आजोबा म्हणतात की सांध्याजवळ ते जवळजवळ असतात. अण्णांचं बरोबर आहे. सांधा हा रुळातला अशक्त भाग, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना आधार दाट देतात. आता त्याला निदान स्टेशनापुढचा एक तुकडा स्वतःच्या हाताने, बार्शीसारखा करायचा आहे. त्यासाठी फोटो हवेत. आम्ही शोधत गेलो तेव्हा बार्शी लाइटच्या इंजिनांचे फोटो पुष्कळ सापडले, वाफ सोडणाऱ्या, वारकऱ्यांनी भरलेल्या गाड्यांचेही. रुळाचा फोटो मात्र आम्हाला सापडला नाही. अण्णांकडे त्यांच्या गँगचा एकच फोटो आहे. सगळे ओळीने उभे आहेत आणि रूळ नेमका त्यांच्या पायांमागे झाकला गेला आहे. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत सगळी लाइन ब्रॉडगेज झाली, काही ठिकाणी मार्गही बदलला, त्यामुळे जागेवर जाऊन मोजण्याचीही सोय उरली नाही. अण्णा आठवणीतून अंतरं सांगतात, मुलगा ती वहीत लिहून घेतो. पण अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज या बाजूच्या वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरात कोणी त्या छोट्या रुळावर गँगमन, कीमॅन, मुकादम म्हणून राबलं असेल तर त्यांच्या पेटीतले फोटो एकदा काढून पाहा. ज्यात रूळ, सांधा, स्लीपर, मोरी असं काही दिसत असेल तो फोटो टाकून देऊ नका. मागे गावाचं नाव, साल आणि त्यातल्या माणसांची नावं पेन्सिलीने लिहून ठेवा. आणि ती माणसं हयात असतील तर स्लीपर किती अंतरावर होते, हे त्यांना आजच विचारून घ्या.